शिवेबाहेरचं घर

माझ्यासमोरून गेलेलं शेवटचं जोडपं पोत्यात मांजर घालून गेलं. मांजर आतून गोणपाट ओरबाडत होतं आणि ती बाई, चंद्रभागा तिचं नाव, चालता चालता त्या पोत्याचीच समजूत काढत होती. मागून तिचा नवरा कोंबड्यांचं खुराडं डोक्यावर घेऊन येत होता. माझ्यापाशी तो जरा थबकला.

"पोलिसानू, तुमचा लगीन झालला काय?"

मी म्हटलं, नाही अजून.

"मग बरा," असं म्हणून तो व्हाळाकडे, म्हणजे शिवेवरच्या ओढ्याकडे, चालू लागला.

त्यांच्या पावलांची धूळ खाली बसली आणि धामणवेळ गाव रिकामं झालं. रिकामं म्हणजे कसं, ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. माणसं गेली, गुरं गेली, कुत्री दोरीला बांधून नेली. कावळेसुद्धा गेले असावेत, कारण उष्टं टाकणारंच कुणी उरलं नव्हतं. त्या सगळ्या गावात आम्ही दोघंच होतो: देवीच्या फोडांनी भरलेला बाबल तारी, आणि त्याच्या अंगणात कोयता घेऊन बसलेला मी. आणि खरं म्हणजे आम्हीही गावात नव्हतो. ते कसं, हे सांगतो.

त्या वेळी मी तालुक्याच्या ठाण्यात शिपाई होतो, आणि माझी नेमणूक माझं तोंड बघून झाली होती. जन्मात तोंड बघून मिळालेलं ते एकच काम. लहानपणी मला देवी येऊन गेलेल्या, गालांवर कपाळावर नुसते खड्डे. जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टर शेजवलकरांनी ठाण्यातल्या सगळ्यांना रांगेत उभं केलं, माझ्यापुढे थांबले आणि जावई पसंत पडल्यासारखे म्हणाले, हा. एकदा देवी येऊन गेलेल्याला त्या पुन्हा येत नाहीत, हे त्यांनी मला जीपमध्ये समजावलं. मी विचारलं, अगदी नक्की ना साहेब? ते म्हणाले, बहुतेक.

त्याच जीपमध्ये त्यांनी एक कागद वाचून दाखवला. कलेक्टरसाहेबांनी साथीपुरता आपला अधिकार डॉक्टरांना दिला होता, आणि डॉक्टरांनी त्यातला थोडा मला. त्या कागदाच्या जोरावर मी चालत्या माणसाला अडवू शकत होतो, घरात कोंडू शकत होतो, कुलूप फोडू शकत होतो, अंथरूण-पांघरूण जाळू शकत होतो, रोग पसरवील अशी कुठलीही वस्तू नष्ट करू शकत होतो. एवढा अधिकार आमच्या घरात फक्त आजीला होता, आणि तिला कागद लागत नसे.

बाबल तारी बोटीवरचा खलाशी. आईबाप नाहीत, खाडीकाठी एक घर तेवढं होतं. आखाताकडून परतला तो अंगात ताप घेऊनच. धक्क्यावर उतरला आणि कोसळला. कुणीतरी घरी आणून टाकला. पुढे अंगावर फोड उठले, तेव्हा गावचे मानकरी दाजी गावकर यांनीच माणूस पाठवून तालुक्याला कळवलं. डॉक्टर आले, बाबलला बघितलं, घराला दोरी लावून बाहेर बांबूवर पिवळं फडकं बांधलं, आणि अंगणात जमलेल्या लोकांना विचारलं, ह्याला धक्क्यावरून उचलून कुणी आणलं? कुणी बोललं नाही. आमच्याकडे सरकारने काही विचारलं की पहिल्यांदा गप्प बसायचं असतं.

पण 'देवी' हा शब्द गावभर झाला आणि बोचकी बांधायला सुरुवात झाली. कुणी मामाकडे निघालं, कुणी सासुरवाडीला. तीनशे उंबऱ्यांचं गाव, आणि डॉक्टरांकडे शिपाई दोन आणि जीप एक. डॉक्टरांनी बांधावर उभं राहून ओरडून सांगितलं की साथीच्या गावातून कुणी हलायचं नाही, सरकारचा हुकूम आहे. लोकांनी मान डोलवली आणि बोचकी आणखी घट्ट बांधली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी सांगितलं की देव गांगेश्वराने गावपळणीचा कौल दिलाय.

गावपळण म्हणजे काय, ते घाटावरच्यांसाठी सांगतो. काही वर्षांनी एकदा देव कौल देतो, की मग सगळ्या गावाने गाव सोडून शिवेपलीकडे जायचं. जिवंत असेल ते सगळं घेऊन. तीन दिवस व्हाळापलीकडच्या माळावर झोपड्या बांधून राहायचं. पाहुण्याच्या घरी जायचं नाही, दुसऱ्या गावात पाऊल टाकायचं नाही. गाव एकत्र गेलं तसं एकत्रच राहिलं पाहिजे. ते तीन दिवस गावात देव आणि देवाचा लवाजमा फिरतो. तिसऱ्या दिवशी सांजेला मानकरी एकटा देवळात जातो, देवाला विचारतो, आणि देव हो म्हणाला तर ढोल वाजवतो. ढोल वाजला की गाव परत. नाही वाजला तर नाही.

डॉक्टरांचं डोकंच फिरलं. दाजी अंगणापलीकडे फणसाखाली उभे होते, उंच, सडसडीत, कानात भिकबाळी. जवळ आले नाहीत. कौल घेतल्यापासून मानकऱ्याला कुणी शिवायचं नसतं, म्हणून लोकही लांबच उभे.

डॉक्टर म्हणाले, "मी तुम्हाला अटक करू शकतो, गावकर. माझ्याकडे तेवढा अधिकार आहे."

"करा," दाजी म्हणाले. "मगे गावाक धरून ठेवतलो कोण, ताही सांगा."

 डॉक्टरांनी जीपमधून खुर्ची काढायला सांगितली. व्हाळ ओलांडायची वाट एकच होती. त्या वाटेवर त्यांनी खुर्ची टाकली, आणि गावातलं एकही माणूस दंडावर लस टोचून घेतल्याशिवाय पलीकडे गेलं नाही. डॉक्टर काही कच्चे नव्हते. फक्त दाजींना सुई लागली नाही. मानकऱ्याला शिवायचं नाही, म्हणून गावाने आडवे हात केले, आणि एका माणसासाठी सगळी रांग मोडायला नको म्हणून डॉक्टरांनी सोडून दिलं.

राहिला बाबल. डॉक्टरांच्या हुकमाने त्याला हलवायचा नाही, देवाच्या हुकमाने शिवेच्या आत ठेवायचा नाही. ह्यावर दाजींनी जे काढलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. त्यांनी विचारलं, ह्या घर गावात नसला तर? आणि फणसाखालूनच हाताने दाखवत गेले. माणसांनी घराभोवती कुंकवाचा भात टाकला, चार कोपऱ्यांना नारळ फोडले आणि शीव फिरवली. सरकारी नकाशात काय असेल ते असो, तारीचं घर त्या दिवशी धामणवेळच्या बाहेर गेलं. मला बजावून सांगितलं, ह्या रेघेच्या आत तू शिवेबाहेर आहेस, तुला काही व्हायचं नाही. रेघेपलीकडे पाय टाकू नको. टाकलास तर आम्ही जबाबदार नाही.

घाईत एकच चूक झाली. विहीर रेघेच्या पलीकडे राहिली.

हे माझ्या ध्यानात आलं ते दुसऱ्या दिवशी भर दुपारी. दोन हंडे भरून ठेवले होते. त्यातला एक बाबलने तापाच्या भरात लाथेने उपडा केला, दुसरा त्याचा घसा ओला करण्यात संपला. त्याच्या फोडांवर खपल्या धरायला लागल्या होत्या, पण अंग भट्टीसारखं होतं आणि तोंडातून एकच शब्द, पाणी. मी शहाळी काढून दिली. ती संपली. विहीर समोर दिसत होती, कुणी हाक मारली तर ऐकू येईल इतकी जवळ.

लोकांना रात्रीची भीती वाटते. ती फार साधी भीती असते. रिकाम्या गावातली दुपार कुणी बघितलेली नाही. सगळं लख्ख दिसतं. दारं लावलेली, तुळशी सुकलेल्या, एका पडवीत पाळण्याची दोरी हलके हलके हलतेय. वारा नसताना. मी कळशी घेतली, कुंकवाच्या भातापाशी आलो आणि बाळपणी पाठ केलेलं एकूण एक स्तोत्र म्हणून टाकलं. एक तर पाढ्यांचंच निघालं, पण तेही म्हटलं. आणि रेघ ओलांडली.

विहिरीपाशी पोचलो, रहाटाच्या दोराला हात घातला.

दोर ओला होता.

कालपासून ह्या गावात कुणी नाही, आणि दोर हाताला गार लागतोय. खाली बघितलं तर दगडावर पाण्याचे थेंब, आणि ते थेंब एकामागून एक देवळाच्या पाणंदीकडे गेलेले. मी कळशी कशी भरली आणि कसा परत आलो, ते मला विचारू नका. निम्मं पाणी माझ्या खाकी चड्डीवर सांडलं होतं, आणि सगळंच ते पाणी होतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

बाबल पाणी प्यायला आणि जरा भानावर आला. मी त्याला ओल्या दोराचं बोललो. न बोलता राहवेना.  तो छपराकडे बघत म्हणाला, "थंय कोण असात तर हाक मारू नको. माका मारली होती अशी एकान हाक."

आणि त्याने त्याची गोष्ट सांगितली. आखाताकडच्या एका बंदरात त्यांच्या बोटीवर दोघांना ताप भरला होता. बंदराचा साहेब छोट्या लाँचमधून आला, बोटीवर चढलाच नाही. खालूनच ओरडला, पिवळा बावटा चढवा, आणि एकानेही उतरायचं नाही. समोर गाव दिसतंय, बाजार दिसतोय, आणि बोट पाण्यात नुसती उभी. कंटाळून चौघं एका होडीत बसून पळाले. होडीवाल्याने हाक मारली होती, चल. त्यातला एक बाबल. दुसऱ्या जहाजावर खोटं बोलून चढला आणि ताप घेऊन गावाला आला.

"त्या सायबाक आमी लय शिवये घातले," तो म्हणाला. "आता माका एकच सांग. माझ्यापासून गावात कोणाक झाला काय?"

मी म्हटलं, कुणालाच नाही.

"माका धक्क्यावरसून कोणीतरी पाठीर घेवन इलो. तोंड नाय बघितला. कानातली भिकबाळी तेवढी बघितली. माझ्या डोळ्यासमोर हलत होती."

तशी भिकबाळी मी फणसाखाली बघितली होती.

मी पुन्हा रेघ ओलांडली. ह्या वेळी स्तोत्र म्हटलं नाही. पाणंदीने वर गेलो. देऊळ टेकाडावर, पायऱ्यांवरून खाली व्हाळ आणि पलीकडचा माळ दिसतो. सभामंडपातून खोकल्याचा आवाज आला. माणसाचा खोकला इतका बरा वाटलेला मला दुसरा आठवत नाही. मग आत डोळे सरावले, आणि बरं वाटायचं थांबलं.

दाजी गावकर ढोलाला टेकून बसले होते. कपाळावर, ओठांवर, हातांवर फोड उठत होते. जवळ तांब्या आणि कळशी.

"थंयच उभो ऱ्हव," ते म्हणाले. "तुका काय होऊचा नाय, ठाऊक असा. तरी उभो ऱ्हव."

मी उभा राहिलो. मला आता सगळं उलटं दिसायला लागलं. फणसाखाली लांब उभे राहिलेले दाजी. नारळ स्वतः न फोडणारे दाजी. शिवायचं नाही म्हणून सुईपासून वाचलेले दाजी. मानकऱ्याच्या सोवळ्याआड माणूस आपला ताप लपवत होता. गावाला सांगून गेले होते की तीन दिवस शिवेबाहेरच्या डोंगरावर एकटा उपासाला बसणार, तर ते सगळ्या गावाला बाहेर काढून स्वतः आत राहिले होते.

मी म्हटलं, दाजी, डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुम्हाला घरातच ठेवलं असतं, औषध दिलं असतं.

"माका घरात ठेवलो असतो. आणि गाव?" ते थांबून थांबून बोलत होते. "गाव फुटलो असतो. एक गेलो असतो मामाकडे, एक सासुरवाडीक. डॉक्टराक किती गाव पुरले असते? गावपळणीत माणूस पावण्याकडे जाणा नाय. एका माळार बसता."

मी विचारलं, म्हणजे कौल खरा नव्हता?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे मी तो प्रश्न कुणालाच विचारला नाही.

"एक काम कर," ते म्हणाले. "थंय ढोलाच्यो काठ्यो असत. त्यो घेवन जा. लांब टाक. ताप डोक्यात चढलो तर माझो मी ऱ्हवचंय नाय. तिसऱ्या सांजेक हात आपसूक ढोलाकडे जातले. आयुष्यभराची सवय असा. आणि ढोल वाजलो, तर लोक धावत येतले. पोरा-टोरा घेवन. आधी देवाच्या पाया पडूक हयच येतले."

सुया टोचल्या होत्या हे खरं. पण त्या कितपत धरल्या, हे अजून डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. मी काठ्या उचलल्या आणि तारीच्या घराच्या वळचणीला खोचून ठेवल्या.

त्यानंतर मी दोन्हीकडे पाणी भरायला लागलो, आणि रेघेची भीती कुठे गेली ते कळलंसुद्धा नाही. तिच्या जागी दुसरी आली. पहिल्यांदा मी गावात काही वाजेल म्हणून घाबरत होतो ते भुताखेतांच्या हिशोबाने. आता दर वेळी देवळाकडे कान लागे तो त्या एका ढोलासाठी. दाजींचा ताप चढत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओळखलं नाही. मला त्यांच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारली आणि शेताचं कुंपण घातलंस काय विचारलं. मी म्हटलं, घातलं.

दिवस कलायला लागला. पलीकडच्या माळावर हालचाल सुरू झाली. गुरं हंबरत होती, माणसं बोचकी आवरत होती. सगळं गाव व्हाळाच्या काठाला येऊन उभं राहिलं. मी बाबलला पाणी पाजत होतो.

आणि देवळात ढोल वाजला.

काठीचा नव्हे. दबका, मांसाचा आवाज. हाताने वाजवत होते. धब्. धब्. मग नेहमीच्या लयीत, आयुष्यभराच्या सवयीने.

मी कोयता उचलला आणि धावलो. पायऱ्या चढताना एकदा वळून बघितलं. व्हाळात माणसं उतरली होती. पुढे चंद्रभागेचा नवरा, डोक्यावर खुराडं, गुडघाभर पाण्यात. त्याच्या मागे पोरं खांद्यावर घेतलेल्या बाया. आत दाजी ढोलाला मिठी मारून दोन्ही हातांनी बडवत होते. हातावरचे फोड फुटले होते आणि ढोलाचं कातडं ओलं झालं होतं. डोळे उघडे, पण त्यांना मी दिसत नव्हतो.

"गाव खोळंबलो असा," ते म्हणत होते. "गाव खोळंबलो असा रे."

मी त्यांचे हात धरले, तर त्या हाडांच्या सापळ्याने मला ढकलून दिलं. देवाचा ढोल. माझ्या आजोबांच्या आजोबांनी ज्याच्यापुढे नाक घासलं असेल असा. मी कोयता मारला. कातडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभं फाटलं, आणि आवाज मध्येच तुटला.

दाजींचे हात त्या फटीत गेले. ते तसेच बसून राहिले.

मी पायरीवर आलो. ओरडायची सोय नव्हती. पोलीस देवळात आहे म्हटल्यावर सगळंच उघडं पडलं असतं. मी खांबाआडून बघत राहिलो. व्हाळातली माणसं थांबली होती. पाण्यातच उभी. कुणीतरी म्हातारा काठावरून हात वर करून काहीतरी बोलत होता. चंद्रभागेचा नवरा पुढे बघे, मागे बघे. मग त्याने एक पाऊल पुढे टाकलं.  खुराड्यातला कोंबडा अकारण ओरडला. तो माणूस दचकला, मागे वळला, आणि त्याच्या मागून एकेक करून सगळं गाव परत काठावर चढलं. ढोल अर्धाच वाजला, म्हणजे देवाने दिलेला कौल देवाने मागे घेतला, असं त्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. हे मला पुढे कळलं.

गाव माळावरच राहिलं. तीन दिवसांच्या झोपड्यांवर पुन्हा गवत घातलं गेलं. डॉक्टर रोज येऊन माणसांचे दंड बघत. मी त्यांना व्हाळावर गाठून दाजींचं सगळं सांगितलं. त्यांनी देवळाच्या दारालाही एक पिवळं फडकं बांधलं, गावाला दिसणार नाही अशा बाजूने.

माळावर कुणाच्याही अंगावर फोड आला नाही. बाबलच्या खपल्या गळल्या. पुढे दाजींच्याही गळल्या, पण एक डोळा गेला. त्यांची अंथरुणं मी कागदाच्या अधिकाराने जाळली. मग एका सकाळी डॉक्टर व्हाळाच्या काठावर उभे राहिले आणि म्हणाले, आता घरी जा, धोका टळला. कागदही वाचला. गावाने ऐकून घेतलं आणि जागेवरून हललं नाही. सगळे देवळाकडे बघत होते.

तेव्हा दाजी पायऱ्या उतरून आले. अलीकडच्या काठावर उभे राहिले. तोंडावर खड्डे, एक डोळा पांढरा. आता आम्ही दोघं सख्ख्या भावांसारखे दिसत होतो.  त्यांच्या तोंडाकडे बघता बघता बायांनी पदर डोळ्यांना लावले. सगळ्यांना सगळं कळलं होतं, आणि कुणी ते बोललं नाही.

त्या म्हाताऱ्याने विचारलं, "दाजी, ढोल?"

दाजींनी उरलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघितलं.

"देवान फाडलो," ते म्हणाले. आणि हात वर केला. गाव घरी आलं.

परतताना जीपमध्ये डॉक्टर म्हणाले, तो ढोल कोयत्याने फाटलाय. मी म्हटलं, होय साहेब. कुठल्या अधिकारात? मी म्हटलं, रोग पसरवील अशी कुठलीही वस्तू, असं कागदात आहे. ते म्हणाले, त्यात देवाची वस्तू धरत नाहीत. मग बाहेर बघत म्हणाले, आणि मी काही बघितलेलं नाही.

धामणवेळला आता नवा ढोल आहे. जुना देवळात उंच टांगलेला आहे, आणि पाहुणे आले की तो दाखवतात. देवाने आपल्या नखाने गाव वाचवलं म्हणून सांगतात. ती फट अगदी सरळ, टोकापासून टोकापर्यंत आहे. देवाचं नख इतकं सरळ कसं गेलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. मी आयुष्यभर थापा मारल्या आणि त्यातली एकही कुणी खरी मानली नाही. ही मात्र शेंबडं पोरही छातीवर हात ठेवून सांगतं. तिकडे गेलो की मीही चपला काढतो, त्या ढोलाखाली उभा राहतो, आणि सगळ्यांबरोबर हात जोडतो.